गेममधून काढलेल्या हजारभर डब्ल्यूईएम (गेमच्या आवाजाच्या) फाइल्स एकदम एमपी३ कशा करायच्या?

नुसतं एक्स्टेन्शन बदलून ओजीजी करू नका, वाजणार नाही. आत बहुतेकदा ओजीजीतलंच व्होर्बिस हे ऑडिओ फॉरमॅट असतं, पण या फाइल्स बनवणारं वाइज हे ऑडिओ इंजिन त्याचं हेडर (सुरुवातीची माहिती) छाटून टाकतं. व्हीजीएमस्ट्रीम हे गेमचा ऑडिओ वाजवणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्याची कमांड-लाइन आवृत्ती डब्ल्यूईएमची डब्ल्यूएव्ही करून देते, मग एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या टूलने एमपी३. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर हेच करणारा एक फॉर लूप स्क्रिप्टमध्ये फिरवला की झालं. फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं मात्र विसरू नका.

खरी गोम धुनेतल्या लूपची, म्हणजे गेममध्ये पुन्हापुन्हा वाजणाऱ्या भागाची. लूप असलेली फाइल व्हीजीएमस्ट्रीम आपणहून दोनदा वाजवतं आणि शेवटी १० सेकंदांचा फेड (आवाज हळूहळू विरत जाणं) जोडतं. दीड मिनिटाची धून तीन मिनिटांची कशी झाली, म्हणून मी अख्खी संध्याकाळ डोकं खाजवत बसलो होतो. व्हीजीएमस्ट्रीमच्या कमांडमध्ये डॅश आय (-i) द्या, एकदाच वाजेल.

आणखी एक. आम्ही मालवणातले, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून एमपी३ आधी तात्पुरत्या नावाने बनवा, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या, आणि खऱ्या नावाची फाइल असेल तर स्क्रिप्टने ती वगळावी. नाहीतर अर्धवट फाइलच झालेली समजून पुढे जाते.

नावं बऱ्याचदा नुसते आकडेच असतात, त्यामुळे आधी आकाराने लावा. मोठ्या फाइल्स बहुधा संगीताच्या.