ब्रेन मॅपिंग केलं की जुनाट थकव्याचं निदान होतं का?

तुम्ही विचारलंय की डेंग्यू होऊन आठ महिने झाले तरी तुमच्या आक्कांचा थकवा जाईना, निपाणीत सासरची माणसं आता आळस म्हणायला लागलीत, आणि कुणीतरी सांगितलं की ब्रेन मॅपिंग केलं की थकवा खरा की खोटा ते कळतं, तर करावं का. मी बेळगावात ईईजी टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांच्या डोक्याला पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचं काम, म्हणून सरळच सांगते, एवढ्यासाठी करू नका. त्यात थकवा आहे का नाही हे ठरत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर घरच्यांच्या हातात आयता कागद मिळतो, बघ तुला काय झालेलं नाही म्हणायला. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ब्रेन मॅपिंग म्हंजे ईईजीच्याच नोंदीवरनं कॉम्प्युटरनं काढलेलं रंगीत चित्र. ईईजीत मेंदूतली वीज मोजतात, ती इतकी बारीक की मायक्रोव्होल्टमध्ये, म्हंजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. डोळे मिटून निवांत पडलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 लाटा येतात, त्याला अल्फा म्हणतात, आणि डुलकी लागायला लागली की अल्फा विरून संथ थीटा लाटा येतात. खूप वेळ डोकं चालवून दमलेल्या माणसात पण थीटा वाढते, हे संशोधनात बऱ्याचदा दिसलंय. पण खानापूरच्या पुढनं पहाटेची बस धरून आलेली, रात्री नीट न झोपलेली बाई आमच्या कॉटवर आडवी झाली की तिची पण थीटा वाढतेच की. सर्दीची गोळी खाऊन आलेल्याची पण. आणि जबडा आवळून पडलं तर कानाजवळच्या स्नायूंची वीज आत मिसळते आणि मॅपिंगच्या रंगीत चित्रात तिथं लालभडक डाग उमटतो, ते बघून माणसं घाबरतात, मेंदूला तिथं काहीच झालेलं नसतं.

याचा अर्थ थकव्याचा मेंदूशी संबंध नाही असा मुळीच नाही. 2024 साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा एक अभ्यास आला, इन्फेक्शननंतर थकवा न गेलेले 17 रुग्ण आणि 21 निरोगी माणसं घेऊन. हातात ग्रिप देऊन पुन्हा पुन्हा दाबायला लावलं, तेव्हा रुग्णांचा जोर लवकर उतरला, पण हाताचा स्नायू दमल्याची खूण मिळाली नाही, आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या एका भागाचं काम त्यांच्यात कमी होत गेलेलं दिसलं. म्हंजे हात शाबूत असून जोर लावणारी यंत्रणा वरच अडते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हे आळसाचं लक्षण नव्हे. फक्त हा फरक दोन गटांच्या सरासरीतला आहे, एकट्या आक्कांचा स्कॅन काढून त्यावरून हो किंवा नाही सांगता येत नाही.

तेच पैसे आधी रक्ताला घाला. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडसाठी), व्हिटॅमिन बी12, शुगर, किडनी, लिव्हर. संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरत असेल तर टीबीचं पण विचारा. घोरतात का, मन उदास असतं का हे डॉक्टरांना न लाजता सांगा. झटका येणं, मधेच भान हरपणं असेल तर मात्र ईईजी लागतोच, आणि एकच हातपाय लुळा पडणं, दोन दोन दिसणं, संध्याकाळी पापणी खाली येणं असलं काही असेल तर थांबू नका, थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

हे सगळं नॉर्मल आलं तर मग एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हंजे जुनाट थकव्याचा आजार) याचा विचार करतात, आणि त्याचं निदान आजही लक्षणांवरूनच होतं. 2015 च्या अमेरिकन निकषांत सहा महिन्यांहून जास्त थकवा, झोपून उठलं तरी ताजंतवानं न वाटणं, आणि मुख्य म्हंजे झेपेल त्यापेक्षा जास्त केल्यावर सगळंच बिघडणं, ही तिन्ही लागतात, याशिवाय विचार करताना गोंधळणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यातलं एक तरी असावं लागतं. हे बिघडणं लगेच नाही, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येतं, म्हणून घरच्यांना संबंध कळत नाही. पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला हसतखेळत जाऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरुणात, मग नाटक करते म्हणतात. असं होत असेल तर "रोज थोडं थोडं चालणं वाढव" हा सल्ला उलटा पडू शकतो, उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2021 साली ठरावीक पद्धतीनं व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली ती यामुळंच.

आक्कांना एक वही करायला सांगा, रोज काय काम केलं, किती वेळ, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कसं वाटलं, झोप कशी झाली, दोन ओळी पुरे, लिहायचा पण कंटाळा आला तर तुम्ही फोनवर विचारून लिहा. तीन-चार आठवड्यांची वही घेऊन फिजिशियनकडं जा, डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि आक्कांना नीट जमत नसेल तर बोलणारं कुणीतरी बरोबर न्या. आणि जमलं तर त्यांच्या नवऱ्याला पण घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं बरं.