महाबोधी मंदिरासाठी एक तास पुरेल का?

गयेतील काम आटोपून परतीच्या गाडीआधी तासाभरात बोधगयेचे महाबोधी मंदिर पाहून होईल का, असे आपण विचारले आहे. गाभाऱ्यातील भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धमूर्तीचे दर्शन तेवढ्यात होईलही. तरी माझे आग्रहाचे सांगणे असे की अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण या क्षेत्राचे मर्म मंदिराच्या पाठीमागे आणि सभोवतालच्या आवारात आहे.

पूर्वेकडून पायऱ्या उतरताना सुमारे ५५ मीटर उंचीचे विटांचे मंदिर समोर दिसते आणि बहुतेक यात्रेकरू थेट गाभाऱ्याच्या रांगेत लागतात. आपण दर्शनानंतर पश्चिमेस वळावे. तेथे मंदिराची भिंत आणि बोधिवृक्ष यांच्यामध्ये वज्रासन, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळातील मानली जाणारी घोटीव वालुकाश्माची शिळा आहे, आणि सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली ती हीच जागा होय, अशी परंपरा आहे. जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात कोसळला. आज दिसतो तो त्यानंतर त्याच जागी लावलेल्या रोपाचा. वृक्षाचे पान तोडायचे नसते. ते आपोआप गळून पडले की जवळ बसलेले उपासक हलकेच पुढे होऊन ते उचलतात आणि वहीत जपून ठेवतात. या ठिकाणी घाई मुळीच करू नये.

संबोधीनंतरचे सात आठवडे भगवान बुद्धांनी याच परिसरात घालवले, असे परंपरा सांगते, आणि त्यांतील स्थाने आवारात दाखवलेली आहेत. अनिमेषलोचन, रत्नघर, अजपाल वृक्षाची जागा ही पाहावीतच, परंतु मला सर्वांत जवळचे वाटते ते उत्तरेच्या भिंतीलगतचे चंक्रमण स्थान, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालण्याची जागा: बुद्धांची पावले जेथे पडली असे मानतात, तेथे ओळीने दगडी कमळे कोरलेली आहेत, आणि भाविक त्यांवर फुले वाहतात. दक्षिणेचा मुचलिंद तलाव, म्हणजे पावसात बुद्धांवर फणा धरणाऱ्या नागराजाच्या नावाचा तलाव, मात्र प्रतीकात्मक आहे. परंपरेने मूळ तलाव जवळच्या मोचारीम गावात मानला जातो.

मंदिरात मोबाइल नेता येत नाही. तो बाहेर ठेवण्यात आणि तपासणीत गर्दीच्या दिवशी बराच वेळ जातो, तो आपल्या हिशेबात जरूर धरावा. शक्य असल्यास पहाटेच यावे.