हाय-पॉवर रॉकेटच्या किटमध्ये पंखांना एपॉक्सी किती लावावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : मामांनी अमेरिकेहून व्ही-2 या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रॉकेटच्या, चार इंच व्यासाच्या आणि मोठ्या मोटारवर उडणाऱ्या (हाय-पॉवर) प्रतिकृतीचा किट आणला आहे, तो जालन्यात घरीच जोडायचा आहे, पंख निखळू नयेत म्हणून शेपटीत भरपूर एपॉक्सी (दोन द्रव कालवून घट्ट होणारा गोंद) ओतावा का, आणि नाकात वजन भरायला सांगितले आहे ते टाळता येईल का. माझे उत्तर दोन्हींसाठी नकारार्थीच आहे, कारण हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

मूळ व्ही-2 सुमारे 14 मीटर उंच आणि 1.65 मीटर व्यासाचे होते. चार इंची नळीच्या मापाने ही प्रतिकृती जेमतेम 86 सेंटीमीटरची होते, म्हणजे बुटकी आणि जाड. मूळ रॉकेटला दिशा धरून ठेवण्यासाठी जायरोस्कोप होते आणि ज्वाळेत वळणारी ग्राफाइटची पाती होती. आपल्या प्रतिकृतीला यांपैकी काहीच नाही, तिची सारी भिस्त चार पंखांवर आणि तोलावर आहे. म्हणून रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा नाकाच्या बाजूला किमान एका नळीच्या व्यासाइतका, म्हणजे आपल्या बाबतीत दहा सेंटीमीटर, पुढे असावा लागतो, आणि तोही मोटार (इंधनाचे नळकांडे) भरलेली असताना. दाबाचे केंद्र कुठे येते हे ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किटची मापे भरून काढता येते.

आता एपॉक्सीचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल समजा, गुरुत्वमध्य नाकाच्या टोकापासून 43 सेंटीमीटरवर हवा आहे. पंखांच्या मुळाशी, टोकापासून 77 सेंटीमीटरवर, आपण 50 ग्रॅम एपॉक्सी जास्त ओतला, तर तो तोलण्यासाठी टोकापासून 15 सेंटीमीटरवर सुमारे 61 ग्रॅम वजन वाढवावे लागेल. म्हणजे जोडाला काडीचाही फायदा न होता रॉकेट 110 ग्रॅमने जड झाले. मोटारचा सरासरी रेटा रॉकेटच्या वजनाच्या किमान पाचपट असावा असा सर्वमान्य ठोकताळा आहे, त्यामुळे अडीच किलोच्या रॉकेटला साधारण 123 न्यूटन लागतात; वजन वाढले की मोटारही मोठी लागते.

पंखाची ताकद एपॉक्सीच्या ढिगातून येत नाही. प्लायवूडच्या पंखाची जीभ बाहेरच्या नळीच्या फटीतून आत जाऊन मोटारच्या नळीला भिडते, पुढे-मागे सेंटरिंग रिंगा (मोटारची नळी मधोमध धरणाऱ्या चकत्या) तिला धरतात, आणि एपॉक्सीचे काम या सगळ्यांना एकजीव करण्यापुरते असते. पुठ्ठ्याच्या नळीवरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने घासून काढला नाही, तर कितीही एपॉक्सी लावा, तो त्या थरासकट पापुद्र्यासारखा सुटतो. पंख सुताराच्या गुण्याने तपासून बसवावेत. बाहेरचे फिलेट (पंख आणि नळीच्या कोपऱ्यातली एपॉक्सीची गोलाई) भरताना रॉकेट आडवे ठेवून वरच्या दोन पंखांमधली पन्हळच तेवढी भरावी, चमच्याच्या पाठीने एका ओढीत गोलाई द्यावी, आणि ती घट्ट झाल्यावरच रॉकेट पाव वळसा फिरवावे. घाई केली की ओघळ येतात, आणि ते घासण्यात पुढचा रविवार जातो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मात्र किटच्या पुस्तिकेत काही सापडणार नाही. अमेरिकेत नोकरीला असताना मी एच वर्गाच्या मोटारवर रॉकेट उडवून हाय-पॉवर रॉकेटसाठीचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवले, पण माझा दुसरा किट मी लातूरला परत आल्यावर मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या खोलीत जोडायला घेतला. अर्ध्या तासाचा म्हणून विकला जाणारा एपॉक्सी मी चहाच्या कागदी कपात एकदम कालवला. दुसरा पंख होतो न होतो तोच कप हाताला चटका देऊ लागला, त्यातून धूर निघाला आणि आत ढेकूळ उरले. एपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतो, खोल भांड्यात ती कोंडते, आणि बाहेरचे तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. तेव्हापासून मी पहाटे पाचला बसतो, एका वेळी दोनच पंखांपुरते मिश्रण पसरट ताटलीत करतो आणि ताटली माठाखालच्या ओल्या पोत्यावर ठेवतो. पाच मिनिटांचा एपॉक्सी इथे वापरूच नये. हातमोजे अर्थातच हवेत.

नाकातल्या वजनासाठी सायकलच्या दुकानातले छर्रे पुरतात. नाक प्लास्टिकचे असेल तर एपॉक्सी त्याला नीट चिकटत नाही आणि पॅराशूट उघडतानाच्या झटक्याने आतला गोळा सुटू शकतो, म्हणून नाकातून आडवी सळई घालून तिच्याभोवती छर्रे ओतावेत. तेही थोडे थोडे, आणि नाक पाण्याच्या बादलीत टोकावर उभे धरून, नाहीतर त्याच उष्णतेने प्लास्टिक वाकडे होते.

मोटारीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. एच वर्गाची मोटार 160 ते 320 न्यूटन-सेकंदांची असते, आणि तिच्यातले इंधन मामांच्या बॅगेतून आणण्याची वस्तू नव्हे. स्फोटकांच्या आयातीला आणि साठ्याला 2008 च्या स्फोटक नियमांखाली परवाना लागतो आणि ते काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. घरी साखर-सोऱ्याचे इंधन शिजवण्याचे व्हिडिओ पाहून मोह झाला तरी त्या वाटेला जाऊ नये.

नाक कायमचे बंद करण्याची घाई मात्र करू नका. रंगाचेही वजन असते आणि व्ही-2 चा बराचसा रंग शेपटीकडेच बसतो. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर, पॅराशूट घडी करून आत ठेवून आणि मोटारच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पुरचुंडी बसवून, रॉकेट दाराच्या चौकटीला सुतळीने आडवे टांगावे. ते सरळ राहील तिथे पेन्सिलीने खूण करावी. खूण हव्या त्या जागेच्या मागे पडली, तर नाकात आणखी मूठभर छर्रे घालावेत. पंखांचा एपॉक्सी खरवडायला जाऊ नये.