मोह आला की प्रार्थना का टिकत नाही?

प्रश्न: रात्री एकटा असताना मोबाइलवर नको ते पाहण्याचा मोह होतो. प्रार्थना करूनही पडतो. माझा विश्वासच खोटा आहे का?

उत्तर: नाही. मोह होणे हे पाप नव्हे. प्रभू येशूचीही परीक्षा झाली. बायबलमधील याकोबाचे पत्र 1:14-15 सावकाश वाचा: वासना आधी ओढते, भुलवते, मग पापाला जन्म देते. तुमची प्रार्थना बहुधा मोबाइल हातात आल्यावर, म्हणजे उशिरा सुरू होते. ती अंथरुणाला पाठ टेकण्याआधी करा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. याला विश्वासाची उणीव समजू नका. पोटीफर या मालकाच्या बायकोने मोहात पाडू पाहिले, तेव्हा जुन्या करारातला योसेफही वस्त्र तिच्या हाती सोडून पळालाच! अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनीच उत्तर दिले. म्हणून तुम्हीही 1 करिंथ 10:13 (देव मोहाबरोबर सुटकेचा मार्गही देतो, हे वचन) तोंडपाठ करा. पडलात तर त्याच रात्री कबुली द्या. सकाळपर्यंत लाज घट्ट होते आणि प्रार्थनाच टाळावीशी वाटते.