नवरा रात्रभर घोरतो, माझी झोप होत नाही. घोरणं कमी करायला आणि शांत झोप लागायला घरगुती उपाय सांगाल का?

ताई, कानात कापूस घाला असं सांगणारं कुणीतरी तुम्हाला आत्तापर्यंत भेटलंच असेल. मला भेटल्या त्या आमच्या वन्सं. "बाईमाणसाला एवढी झोप लागतेच कशाला गं? आणि दादा घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. दिवसभर राबतोय तो." सांगलीत लग्न होऊन आल्यापासून हे ऐकतेय, म्हणून आज लिहायलाच बसले.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय ही निव्वळ थाप आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट चिंचोळी होते आणि पडजीभ, टाळूचा मागचा मऊ भाग थडथडायला लागतो, तोच आवाज. वाट पुरतीच मिटली की आवाज थांबतो आणि श्वासही.

आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतात. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी, सौदा चालू असतानाही. सकाळी उठले की डोकं जड, घसा कोरडा. बीपीची गोळी वाढवली तरी बीपी हटेना. हळदीची धूळ, हवामान, भाऊबंदकीचं टेन्शन, सगळ्यांवर खापर फोडून झालं. मग एकदा पुण्याहून येताना पेठ नाक्याच्या अलीकडे गाडी सरळ रस्ता सोडून मातीत उतरली. मी किंचाळले तेव्हा जागे झाले. वर म्हणतात काय, "जरा डोळा लागला."

त्या रात्री मी मोबाईलचा टॉर्च लावून बघत बसले. घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम बंद. बनियनखाली पोट वरखाली होतंय, छाती ओढतीय, पण नाकापुढे बोट धरलं तर हवाच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत राहिला, मग गचका देऊन श्वास आला, कूस बदलली आणि पुन्हा तेच सुरू. ते शूट केलं आणि यांना कांदेबटाटे आणायला म्हणून बाहेर काढून थेट मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. "मला काही होत नाही, हिलाच झोप येत नाही," असं हे सांगत होते. डॉक्टरांनी आधी व्हिडिओ बघितला आणि मग यांच्या गळ्याला टेप लावली. पुरुषाचा गळा १७ इंचांच्या पुढे गेला की संशय घ्यायचा, म्हणाले. यांच्या शर्टाचं वरचं बटण लागायचं बंद होऊन किती वर्षं झाली होती!

पुढे झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला वायरी, बोटाला चिमटा लावून रात्रभर झोपवतात. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की ते एकदा धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर म्हणजे आजार तीव्र. हे तीसच्या बरेच वर निघाले. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

घरी सीपॅप मशीन आलं तर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, वाटलं पोराला ऑक्सिजनवर ठेवलाय. मामा, ती आपल्या खोलीतलीच हवा असते, दाबाने आत सोडतात म्हणजे घसा मिटत नाही. आणि हे नवीन फॅडही नाही, ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ सालीच करून दाखवलंय. खरी भानगड झाली मिशीची. यांच्या झुपकेदार मिशीवर मास्क बसेना, कडेनं हवा फुसफुस करून सुटायची. मिशी काढा म्हटल्यावर घरात सुतक पडल्यागत झालं. शेवटी नाकपुड्यांना लावायचा छोटा मास्क मिळाला आणि मिशी वाचली. एवढंच की लाइट गेली तर मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टरवर जोडून घेतलंय. मास्क मी रोज साबणाने धुते. आता सौद्यात यांना झोप येत नाही, त्यामुळे अडतीवरचा पोरगा नाराज आहे.

तुम्ही घरगुती उपाय विचारलेत, तर सांगते. उताणं झोपलं की जीभ मागं पडते, कुशीवर झोपवा. जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल घाला, माझ्या भावाचं तेवढ्यावर भागलं. उशांवर उशा रचू नका, मान मुडपते. त्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला. दारूने घसा आणखी सैल पडतो. यांचा गुरुवार असतो, त्या दिवशी पीत नाहीत, तर त्या रात्रीचा आवाज निम्म्यावर असायचा. झोपेच्या गोळीनंही दारूसारखंच होऊ शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करा. वजन उतरवलं की फरक पडतोच, पण ते सांगून उतरत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. नाकात तूप सोडून घशातली वाट रुंद होत नाही, कितीही जणींनी सांगितलं तरी.

आता घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असंही नाही, आणि मी काही डॉक्टर नाही. श्वास अडतो का, दिवसा झोप येते का, बीपी आहे का, एवढं बघा. यातलं काहीच नसेल तर बॉलवर भागू शकतं. असेल तर घरी प्रयोग करू नका. तोवर तुम्ही खुशाल दुसऱ्या खोलीत झोपा, नवरा टाकला असं म्हणणारे दोन दिवस म्हणतील.

आणि हे फक्त पुरुषांचं दुखणं नाही. पाळी गेल्यावर बायकांनाही हा त्रास वाढतो, फक्त बाईच्या घोरण्याचं कुणी शूटिंग काढत नाही. वन्सं, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. दिवाळीला आला होतात तेव्हा मधल्या खोलीत कोण घोरत होतं ते आत्यांना विचारा. पुढच्या सोमवारी यांना दाखवायला मिरजेला जायचंय, तुमचंही नाव लावून ठेवते.