पाणंदीला नकाशात काय म्हणायचे? : वाचकांचे प्रश्न

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी भरलेला, कोणालाही विनामूल्य वापरता येणारा जगाचा नकाशा आहे. त्याविषयी आम्ही गेल्या अंकात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत या नकाशेकारांच्या परिषदांबद्दल बरीच विचारणा आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी वर्षभर घरबसल्या आमच्या तालुक्यातले रस्ते या नकाशात भरतो आहे. ‘स्टेट ऑफ द मॅप’ ही जागतिक परिषद असताना आशियाची वेगळी परिषद कशाला? आणि सगळे काम इंटरनेटवरच होते, तर भेटायचे तरी कशासाठी? (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : अंतर आणि खर्च हे पहिले कारण उघडच आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि पहिली जागतिक परिषद २००७ मध्ये मँचेस्टरला भरली. त्यानंतरच्या बऱ्याच परिषदा युरोपातच झाल्या. आशियाच्या वाट्याला २०१२ चे टोकियो, २०१७ चे जपानमधील आइझुवाकामात्सू आणि २०२५ चे मनिला एवढीच वर्षे आली. आशियाई परिषद मात्र २०१५ मध्ये जकार्ता, मग मनिला, काठमांडू, २०१८ मध्ये बेंगळुरू आणि २०१९ मध्ये ढाका अशी फिरत राहिली. २०२३ साली तर जागतिक परिषद भरलीच नाही. बँकॉक, कॅमेरूनमधील याउंडे आणि बेल्जियममधील अँटवर्प येथील प्रादेशिक परिषदांनीच ते वर्ष सांभाळले.

खरे कारण मात्र नकाशाच्या शब्दांत दडलेले आहे. या नकाशातील रस्त्यांची वर्गवारी ब्रिटिश व्यवस्थेवरून घेतलेली आहे. त्यात ‘अनक्लासिफाइड’ नावाचा एक वर्ग आहे. ब्रिटनमध्ये तो खालच्या दर्जाच्या, पण रीतसर सार्वजनिक रस्त्याचा वर्ग मानला जातो. आपल्याकडचा नवखा मॅपर, म्हणजे नकाशात माहिती भरणारा, मात्र ‘याचा वर्ग मला ठाऊक नाही’ असा अर्थ लावतो आणि हाती लागेल तो रस्ता त्यात ढकलतो. राष्ट्रीय महामार्ग ‘ट्रंक’ आणि राज्य महामार्ग ‘प्रायमरी’ हा संकेत भारतातील मॅपरांनी आपसांत ठरवून रुळवला. पण पाणंदीचे काय? उन्हाळ्यात जिच्यावरून बैलगाडी आणि ट्रॅक्टर सहज जातात आणि आषाढात जिच्यात दुचाकीचे चाक रुतून बसते, ती पाणंद ‘ट्रॅक’ (शेतातील गाडीवाट) म्हणायची, ‘पाथ’ (पायवाट) म्हणायची की शेवटच्या वस्तीचा तोच एक रस्ता म्हणून ‘अनक्लासिफाइड’ धरायची? ‘ट्रॅक’ म्हटले, तर पृष्ठभागाच्या कठीणपणाप्रमाणे पहिली ते पाचवी अशी प्रतही देता येते. पण चैत्रातली दुसरी प्रत श्रावणात पाचवी होते, त्याची सोय काय? हा वाद लेखी सुरू झाला, की महिनोन्‌महिने चालतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पाणंद पाहिलेलीच नसते. तेच चार जण एका टेबलाशी बसले, त्यांच्यासमोर एकाच जागेची मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली अशी दोन छायाचित्रे ठेवली, तर तासाभरात काही तरी ठरते. पावसाळ्याने रस्त्याचा दर्जा बदलणे आणि पत्त्यात घरक्रमांकाऐवजी ‘देवळामागे’ असणे ही नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया येथील मॅपरांची रोजची अडचण असल्यामुळे ती त्यांना समजावून सांगत बसावे लागत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. अशा परिषदेत माझ्यासारख्याने जाऊन सांगायचे काय? (वाचक, चिपळूण)

उत्तर : आपल्यासारख्यांकडेच सांगण्यासारखे जास्त असते, हे आम्ही बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. दूर बसलेला मॅपर उपग्रहचित्रावरून घराचे छप्पर गिरवू शकतो, पण वाडीचे नाव छपरावर लिहिलेले नसते. कोकणात तर छप्परही धड दिसत नाही. आंब्याफणसाखालचे कौलारू घर वरून पाहणाऱ्याला केवळ झाड वाटते आणि चित्र पावसाळ्यातले असेल, तर पाण्याने भरलेली भाताची खाचरे तळी म्हणून रेखाटली जाण्याची भीती असते. ही चूक ओळखायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, गाव माहीत असावे लागते.

काठमांडूचे उदाहरण पाहावे. तेथील ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या संस्थेतील तरुणांनी एप्रिल २०१५ च्या भूकंपापूर्वीच शहरातील शाळा आणि रुग्णालये हिंडून नकाशात नोंदवली होती. भूकंपानंतर जगभरातील हजारो स्वयंसेवकांनी रस्ते आणि घरे भराभर रेखाटली; त्या कामाला आधार होता तो स्थानिकांनी आधी घातलेल्या पायाचा. २०१७ ची आशियाई परिषद काठमांडूत झाली, ती याच संस्थेच्या यजमानपणाखाली.

बोलण्याची इच्छा असल्यास परिषदेच्या काही महिने आधी विषयाचा थोडक्यात गोषवारा पाठवण्याचे आवाहन निघते. त्यात ‘लाइटनिंग टॉक’ म्हणून साधारण पाच मिनिटांचे भाषण असते. नवख्याने तेच निवडावे. प्रवासखर्चासाठी शिष्यवृत्तीचीही सोय बहुधा असते. तिच्या अर्जाची मुदत वेगळी आणि लवकर संपणारी असल्याने तिकडे आधी लक्ष द्यावे.

प्रश्न : या परिषदांना मोठ्या कंपन्या प्रायोजक असतात. आम्ही फुकट राबायचे आणि कंपन्यांनी नकाशा विकायचा, असे तर नाही? (वाचक, पुणे)

उत्तर : शंका रास्त आहे. २०१२ पासून लागू असलेल्या ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) या परवान्यानुसार हा नकाशा कोणीही, अगदी नफ्यासाठीही वापरू शकतो. मात्र श्रेय द्यावे लागते आणि त्यावरून सुधारलेला माहितीसाठा सार्वजनिक केल्यास तो त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. कंपन्यांचे पगारी मॅपरही नकाशात बदल करतात. असे संघटित काम कोणासाठी आणि कसे चालले आहे हे आधी जाहीर करावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे या प्रकल्पाला आधार देणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन या संस्थेने २०१८ मध्ये मान्य केली आहेत. प्रायोजकाचा फलक व्यासपीठावर लागला म्हणून बिघडत नाही. चहाच्या वेळी त्याच कंपनीच्या प्रतिनिधीला गाठून ‘आमच्या गावचा पूल तुमच्या माणसाने का पुसला?’ असे तोंडावर विचारता येते, हा लाभ आम्हाला मोठा वाटतो.

प्रश्न : अशी परिषद मराठीतून कोल्हापुरात भरवता येईल का? (वाचनालयाचे कार्यकर्ते, कोल्हापूर)

उत्तर : अवश्य. ‘स्टेट ऑफ द मॅप’ हे नाव वापरायचे असल्यास फाउंडेशनची परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्या नावाने मेळावा घेतल्यास तो प्रश्न उरत नाही. पण पाहुणे, सभागृह आणि स्मरणिका यांत आरंभीच अडकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सकाळी वाचनालयात जमावे, दोघादोघांनी एकेक पेठ वाटून घेऊन पायी हिंडावे आणि दुपारी परत येऊन नोंदी कराव्यात. भारतातील कितीतरी ठिकाणांचे मुख्य नाव इंग्रजीत असते आणि मराठी नावाचा ‘नेम कोलन एमआर’ (name:mr) हा रकाना रिकामा असतो. तो भरताना फलकावरचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव वेगळे निघाले, तर दोन्ही लिहून ठेवावीत. रूढ पण अनधिकृत नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात पाहून नाव उतरवणे मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे, हे हिंडायला निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावे.