आई नाही आणि वडील दोन वर्षांसाठी कतारला चाललेत. आम्ही तिघं भावंडं एकटी राहू शकू का?

तू लिहिलंयस की तू १८ वर्षांची, भाऊ १४ आणि १० चे, आणि नातेवाईक म्हणतात, "मोठी आहे ना, सांभाळेल." हे वाक्य आमच्या ताईबद्दल मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहायला बसलो.

राहू शकाल. आम्ही राहिलो. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, साल १९८८. आई आदल्या वर्षी गेली होती आणि अण्णा कुवेतला प्लंबर म्हणून लागले. ताई १५, मी ११, धाकटा ७. रात्री शेजारच्या काकींची सासू आमच्या पडवीत झोपायला यायची. बाकी सगळं ताई.

स्वयंपाकाची धास्ती घेऊ नकोस, तो महिनाभरात जमतो. पहिले आठ दिवस आम्ही पेज आणि सुकट खाल्ली, कुणी मेलं नाही. खरी अडचण पैशांची आणि सहीची. अण्णांचा ड्राफ्ट रजिस्टरने यायचा, तो मामाच्या खात्यात वटायचा, आणि मामा पैसे मोजून देताना दर वेळी "जपून हं" म्हणायचा. ताईने पैसे ठेवायला डालडाचा डबा केला आणि वहीत घासलेटापासून शिसपेन्सिलीपर्यंत सगळं लिहू लागली. माझ्या प्रगतीपुस्तकावर अण्णांची सहीही तीच ठोकायची. गुरुजींना कळत होतं. एकदा म्हणाले, "अण्णांना सांग, 'र'चा पाय जरा लांब काढा."

पत्रांत मात्र दोन्हीकडून थापा. धाकट्याला कावीळ झाली तेव्हा आम्ही लिहिलं, "सर्व खुशाल." अण्णा लिहायचे, "माझी काळजी नसावी." तेव्हा त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता, हे फार पुढे कळलं.

मग २ ऑगस्ट १९९०. इराकने कुवेत घेतलं, हे आम्हाला रेडिओवर समजलं. आमच्याकडे अण्णांचा पत्ता म्हणजे पाकिटावरचा पोस्ट बॉक्सचा नंबर आणि "सफात, कुवेत" एवढंच. कंपनीचं पूर्ण नाव घरात कुणाला माहीत नव्हतं. मामा दोनदा मुंबईला जाऊन आला, पण विचारणार काय? त्या वर्षी गणपती ऑगस्टातच होते. आणायचा की नाही, यावर भावकीत चर्चा झाली. ताई म्हणाली, "दरवर्षी येतो तो येईल." पूजेला मी बसलो. मोदक फुटले, सारण पाण्यात गेलं, तेच पाणी धाकट्याने वाटी लावून प्यायलं.

अण्णा सप्टेंबरात आले. बगदादवरून अम्मान, तिथे तंबूत काही दिवस, मग विमान. एअर इंडियाने ५९ दिवसांत लाखाहून जास्त माणसं अशी आणली, त्यातले एक आमचे. एसटीतून उतरले तेव्हा हातात एक रेक्झिनची पिशवी.

तुला खरं सांगायचंय ते इथून पुढचं. चौथ्या-पाचव्या दिवशी धाकट्याने नदीवर जायचं म्हणून ताईला विचारलं. अण्णा समोरच विडी ओढत बसलेले. म्हणाले, "जा." तो जागचा हलला नाही, ताईकडे बघत राहिला. ताईने मान हलवली तेव्हा पळाला. अण्णांनी विडी विझवली आणि उठून गोठ्याकडे गेले. संध्याकाळी ताईने डालडाचा डबा आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वही उघडली नाही. दोघंही वर्षभर एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलत होते. मीठ कुठे असतं हे अण्णा स्वतःच्या घरात मला विचारायचे, तिला नाही. ताईची दहावी त्याआधीच राहिली होती, ती राहिलीच. त्याचा राग तिने कुणावर काढायचा? तो माझ्यावर निघाला. चुकीचा होता असं मला वाटत नाही.

तेव्हा बाबा निघण्याआधी एवढं करून घे. करारपत्र, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, मालकाचं पूर्ण नाव, दोहातल्या भारतीय दूतावासाचा नंबर, सगळं घरात ठेव. बाबा दहावी पास नसतील तर पासपोर्ट बहुधा ईसीआर असेल, म्हणजे कामासाठी बाहेर जायला सरकारची मंजुरी लागणारा. मग ती मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून घ्यावी लागते आणि त्यासोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा (परदेशी कामगारांसाठीचा विमा) येतो. त्याचीही प्रत माग, एजंट "नंतर देतो" म्हणेल. तू १८ पूर्ण आहेस, पैसे थेट तुझ्याच खात्यात येऊ देत, मामालोक मधे नकोत. शाळेत बाबांना स्वतः घेऊन जा आणि सही कोण करणार ते त्यांच्याच तोंडून सांगू दे. आणि तुझं कॉलेज सुटणार नाही हे जाण्याआधी त्यांच्याकडून कबूल करून घे, भावांच्या देखत. चौदाचा भाऊ भांडी घासेल, भातही लावेल. मी ते शिकलो १६ व्या वर्षी, ताई सासरी गेल्यावर.